परदेशी नागरिक, खोली क्रमांक सात

फॉर्मवर मी मराठीत लिहिलं, नागरिकत्व: सिंगापूर.
शेडगे साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला,
"मराठी लिहिता की हो तुम्ही!"
आणि शिक्का शोधायला लागले.
शिक्का कपाटात, किल्ली जगतापांकडे,
जगताप कोरेगावला, मेव्हण्याच्या साखरपुड्याला.
"सोमवारी या. आता बसा, चहा सांगितलाय."

माझं काम मिनिटं वाचवायचं.
एमआयडीसीतल्या शेडमध्ये, गळ्यात स्टॉपवॉच,
मी लोकांच्या हातांकडे बघत उभी असते.
गिअर उचलला, चार सेकंद. फिरवला, अडीच.
कपाळ पुसलं.
याला आमच्या तक्त्यात रकाना नाही.

आईनं तेराव्या मजल्यावर शिकवलेली मराठी घेऊन
आले होते साताऱ्यात.
तिच्यात "आवर" होतं, "उशीर होतोय" होतं,
लिफ्टचं दार मिटता मिटता म्हटलेलं "चल चल" होतं.
"बसा की" नव्हतं. "हुतंय की" नव्हतं.
"बघू" होतं, पण आमच्या घरी त्याचा अर्थ "नाही".
इथं त्याचा अर्थ लावण्यात
माझा एक अख्खा हिवाळा गेला.

मंगळवार पेठेत यशोधर सुतारांना टेबल सांगितलं.
"आठ दिवसांत."
दोन महिने मी रोज संध्याकाळी त्यांच्या दाराशी,
उधारी वसूल करायला आल्यासारखी.
ते रंधा खाली ठेवायचे, फळीवरून तळवा फिरवायचे,
"अजून ओल हाय."
एकदा चिडून विचारलं, किती टक्के?
ते हसले नाहीत.
"गाल लावून बघा. गार लागतंय तवर ओलं."
भर रस्त्यात, फळीला गाल लावला मी.
गार होती.

भांडले. खूप भांडले.
गॅसवाल्याशी, कुरिअरवाल्याशी,
एक ते चार कुलूप घालून झोपणाऱ्या झेरॉक्सवाल्याशी.
रात्री फोनवर आईला सांगितलं,
इथं कुणालाच कुठं पोचायचं नाहीये गं.
आई गप्प.
मग, "जेवलीस?"
आणि तिच्या मागं मायक्रोवेव्ह वाजला.

हे सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही.
कॅन्टीनमधली लीलावती
परळीच्या एसटीसाठी तासतासभर उभी असते,
पिशवी या हातातून त्या हातात घेत.
तिच्या त्या तासाला निवांत कोण म्हणेल?
तो तास कुठल्या रकान्यात भरू
ते मला अजून कळलेलं नाही.

मग समोरचे बाबर काका जिन्यात पडले,
रात्री पावणेबाराला.
मी अजून नंबरच शोधत होते
तर यशोधर अनवाणी, बनियनवर,
झेरॉक्सवाला कुणाचा तरी टेम्पो घेऊन,
आणि जिन्याखालचं दार बिजागऱ्यांसकट उपसून
त्याच्यावरच काकांना आडवं केलेलं.
कुणी कुणाला काही विचारलं नाही.
सवयीनं माझा अंगठा बटणावर गेला होता.
तीन मिनिटं दहा सेकंद.
हा आकडा मी कुठंच लिहिला नाही.

काका महिन्यानं परतले, काठी टेकत.
दार अजून भिंतीला टेकवून ठेवलंय.
"बघू," म्हणाले यशोधर.

तिसऱ्या सोमवारी शिक्का मिळाला, जरा तिरका.
जगतापांनी साखरपुड्याचा पेढा दिला,
तोवर तो कडक झाला होता.
मी चघळत बसले. खिडकीत अजिंक्यतारा.
निघायचं केव्हा हे कुणी सुचवलं नाही,
मलाही सुचलं नाही.

टेबल आलं.
सुतार गेल्यावर दार लोटून
मी त्याला गाल लावून बघितला.
इथं कोरडं, इथं कोरडं,
भिंतीकडच्या कोपऱ्यात अजून किंचित गार.
बोलले नाही कुणाला.
आठवडाभर जमिनीवरच बसून जेवले.